दाराची चावी कमळाबाईकडे

नव्या सुनेची एक खोड कमळाबाईला मुळीच खपत नव्हती. घरातल्या दिसेल त्या वस्तूवर ती खुणा करत सुटली होती.

लग्नाला आठ महिने झाले नाहीत तोवर प्रमिलानं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. हळदीच्या डब्यावर हळद, मिठाच्या डब्यावर मीठ. प्रमिला जासईची, दहावी पास. अक्षर असं की छापल्यासारखं. कमळाबाईनं दुसरी इयत्ता अर्ध्यात सोडून मासळी विकायला डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेतली होती. एक ओळ लावायची तर तिला दोन भाकऱ्या भाजून व्हायच्या. त्यामुळे त्या पट्ट्या बघितल्या की तिला वाटायचं, आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी पत्ता विचारतंय.

"मीठ कुठलं नि साखर कुठली ते मला चिमटीत धरलं की कळतं गो," ती म्हणायची. "तू काय माझ्या बोटांना शाळेत घालतेस?"

"आई, तुमच्यासाठी नाय लिहिलं. माझ्यासाठी लिहिलंय."

"मग तुझ्या कपाळावर पण लिही. सून. नायतर विसरशील."

प्रमिला हसायची. तिला राग येत नसे, आणि कमळाबाईचा खरा राग त्याचाच होता. भांडायला समोरच्यानं निदान तोंड तरी वाकडं करावं की नाही!

डब्यांपर्यंत ठीक होतं. पण पोरीनं टेम्पोला हात घातला, तेव्हा मात्र कमळाबाई कमरेला पदर खोचून उभी राहिली.

टेम्पो हा कमळाबाईचा जीव. पिवळट रंगाचा, मागून पेटीसारखा बंद. तीन वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका बिस्किटवाल्याकडून तिनं तो जुना म्हणून घेतला. त्याच्या आधी पंचवीस वर्षं ती पनवेलच्या कोळीवाड्यातून करंजाच्या बंदरावर आणि तिथून परत एस.टी.नं जायची. कंडक्टर पाटीचं वेगळं तिकीट फाडायचे आणि वर नाकाला रुमाल लावायचे. टेम्पो आला त्या दिवशी तिनं मुद्दाम एस.टी. स्टँडवरून दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

त्या टेम्पोला चाव्या दोन. पुढची दारं आणि मागचं दार एका चावीनं उघडायचं, इंजिन दुसरीनं चालू व्हायचं. आता नव्या गाड्यांना सगळ्याला मिळून एकच चावी असते, असं तिचा मुलगा धर्मराज सांगायचा. कमळाबाईला त्या नव्या गाड्यांची कीव यायची. कारण टेम्पो आल्याच्या पहिल्याच महिन्यात धर्मराज न विचारता दहा मित्र भरून कार्ल्याला देवीच्या जत्रेला गेला होता. परत आला तेव्हा मागच्या दारात कुणाचीतरी चप्पल अडकलेली. त्या दिवशी कमळाबाईनं कडं उघडून चाव्या वेगळ्या केल्या. "दार माझं, इंजिन तुझं," ती म्हणाली. दाराची चावी तिच्या कमरेच्या चंचीत गेली, पान-सुपारीच्या शेजारी, आणि तिथंच राहिली. पोराला गाडी चालवता येत होती, पण आईनं दार उघडल्याशिवाय त्याला आत बसता येत नव्हतं. घर चालवायला याहून चांगली रीत कमळाबाईला ठाऊक नव्हती.

आणि अशा टेम्पोच्या मागच्या दारावर, मुठीच्या खाली, प्रमिलानं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. टिकलीएवढा.

"हे काय?"

"खूण, आई. अशा रंगाच्या गाड्या हल्ली फार दिसतात. न्हाव्याशेव्याचं बंदर झाल्यापासून रस्त्यावर नुसते टेम्पोच टेम्पो."

"गाडी काय सवाष्ण हाय, तिला कुंकू लावतेस? माझी गाडी मला डोळे मिटून कळते!" आणि कमळाबाईनं विळीच्या पात्यानं तो ठिपका खरवडून काढला. खाली पांढरा ओरखडा राहिला तो राहिला. धर्मराज आतल्या आत हसला, तेव्हा त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

हे झालं रविवारी. बुधवारी कामोठ्याला बुधाजीच्या घरी हळद होती.

बुधाजीच्या घरातली चार लग्नं कमळाबाईच्या म्हावऱ्यानं झाली होती. कामोठ्यात हळदीचं जेवण म्हणजे तिचं पापलेट, तिची कोळंबी. पण यंदा बुधाजी घरी येऊन चहा प्यायला आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "कमळाबाय, बारा म्हंजे बारा हां. साफ करायला बायका बसवल्यात. मागं ऐन टायमाला वाट बघाय लावलीस. हौसाला पण सांगून ठेवलंय, म्हंजे नड नको."

हौसा! परवा परवापर्यंत कमळाबाईच्या मागं पाटी घेऊन फिरणारी हौसा आता "कमळाबाय म्हातारी झाली, तिचं काय खरं नाय" असं बाजारभर सांगत होती. कमळाबाईनं बुधाजीला एवढंच म्हटलं, "बाराला पाच कमी असतील तेव्हा मी तुझ्या मांडवात असेन. नसले तर पुन्हा कामोठ्यात पाय ठेवणार नाय." म्हटलं खरं. पण शब्द तोंडातून गेला, आता तो पाळायचा होता.

मंगळवारी संध्याकाळी तिनं प्रमिलाला टेम्पो धुवायला लावला. बुधवारी सकाळी तिघंही निघाले. प्रमिला पहिल्यांदाच येत होती. कमळाबाईचा गुडघा हल्ली बोलायचा, धंदा कुणीतरी बघून ठेवायला हवा होता. हे कारण अर्थात कमळाबाईनं सांगितलं नाही. "घरी बसून डबे रंगवण्यापेक्षा चल," एवढंच म्हणाली.

करंजाच्या बंदरावर द्रोणागिरीच्या डोंगराची सावली अजून पाण्यावर होती. बोटी लागलेल्या, बायकांचा कलकलाट, पायाखाली ओलं. वडाच्या झाडाखाली टेम्पो लावला. "तू गाडीतच बस, हलू नको," धर्मराजला बजावून कमळाबाई सुनेला घेऊन लिलावात घुसली.

आणि तिथं प्रमिलानं पहिल्यांदा सासूचं खरं रूप बघितलं. पापलेटाचा कल्ला अंगठ्यानं उचलायचा, एक नजर टाकायची, आणि दुसऱ्या क्षणी, "हे काल रातचं. शेजारचं दाखव. मला काय पाव्हणी समजलास?" बोटवाला कान धरून हसायचा आणि चांगलं काढायचा. तासाभरात सात पाट्या भरल्या. पापलेट, हलवा, कोळंबी. बोटवाल्यानं वरून थोडा बर्फही मारून दिला. चार बायका डोक्यावर पाट्या घेऊन मागून, कमळाबाई पुढे, अशी वरात वडाखाली आली.

टेम्पो होता. धर्मराज नव्हता.

"हलू नको म्हटलं की याच्या तळव्याला खाज सुटते. गेला असंल चहाला." कमळाबाईनं चंचीतून चावी काढली, मागच्या दाराला लावली, फिरवली. दार उघडलं.

आतून वास आला तो साबणाचा. स्वच्छ, थंडगार, कपडे नुकते वाळत घातल्यासारखा. कमळाबाई थबकली. मग सुनेकडे वळली, आणि आठ महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं.

"गाडी चांगली धुतलीस हां," ती म्हणाली. "मानलं."

प्रमिलानं नाक आक्रसलं. "आई, मी पाणी नि खायचा सोडा मारला होता. साबण नाय लावला."

"लावला असशील. विसरलीस."

"आई, मला ही आपली गाडी नाय वाटत."

डोक्यावर पाट्या घेतलेल्या चारही बायका ऐकायला लागल्या. कमळाबाईनं चावी त्यांच्यासमोर धरली. "ही चावी कुणाची?"

"तुमची."

"दार कशानं उघडलं?"

"चावीनं."

"मग? दुसऱ्याच्या घराला आपली चावी लागते का गो? का जासईला लागते?"

बायका फिसकन हसल्या. प्रमिलानं वाकून मुठीच्या खाली बघितलं. ठिपका नव्हताच. असता कसा, तो तर रविवारीच विळीखाली गेला होता; आणि उडालेल्या चिखलात ओरखडा आहे की नाही तेही कळेना. ती बाजूला झाली. पाट्या आत गेल्या, दाराला चावी लागली, चावी चंचीत गेली, आणि कमळाबाई सुनेला घेऊन ठमाबाईच्या टपरीवर चहाला बसली. सुनेला एकदा चांगलं म्हटल्यावर तिला चहाही गोड लागला.

टपरीवरून उठून दोघी बर्फाच्या कारखान्याकडे वळल्या, की बर्फ सांगून ठेवावा. कारखान्याच्या दारात धर्मराज उभा. शेजारी फोडलेल्या बर्फाच्या गोण्या. आणि मागं टेम्पो.

"आये, किती वेळ गो! इथं लाइन नव्हती म्हणून गाडी लगेच इकडं आणली. दार उघड, बर्फ पाणी होतोय."

"पाट्या हलल्या नाय ना?"

"कुठल्या पाट्या?"

कमळाबाईनं दाराला चावी लावली. दार उघडलं. आतून तीन वर्षांचं म्हावरं एकदम अंगावर आलं. सोड्यानं धुतलेलं असलं तरी म्हावरंच. आत रिकामं. मुठीच्या खाली विळीचा पांढरा ओरखडा.

ती मागं धावली. गुडघा असा कधी धावला नव्हता. वडाखाली आता फक्त चाकांचे माग होते आणि दोन थेंब तेल.

"चोरी!" कमळाबाई ओरडली. मग तिच्याच लक्षात आलं की चोरानं काही नेलं नव्हतं. पाट्या तिनं स्वतः, चार बायकांच्या साक्षीनं, वर शाबासकी देऊन, त्याच्या गाडीत भरून दिल्या होत्या. ती वडाच्या पारावर बसली. साडेदहा वाजत आले होते. बाजार उठला होता, चांगलं म्हावरं सगळं गेलं होतं. तिला कामोठ्याचा मांडव दिसला, विळ्या घेऊन बसलेल्या बायका दिसल्या, आणि सगळ्यांच्या पुढं हौसा दिसली.

"आता काय करायचं, आये?" धर्मराजनं विचारलं.

"तुझ्या इंजिनाची पूजा कर! हलू नको म्हटलं होतं ना तुला?"

प्रमिला मात्र डोळे मिटून उभी होती, आठवण काढत असल्यासारखी. "निळा साबण," ती म्हणाली.

"काय?"

"तो वास. निळ्या वडीचा साबण. माझ्या आनंदामामाचं जासईला वाण्याचं दुकान हाय. साबणाच्या एजन्सीची गाडी दर बुधवारी येते. आधी उरण करते, मग करंजाला माल संपवते, नि शेवटी रिकामीच मामाकडं. ड्रायव्हर मामाकडं ऑर्डर लिहून घेतो, जेवतो, नि मग पनवेलला जातो. गाडी पिवळीच हाय, आई."

कमळाबाईनं तिच्याकडे बघितलं. आणि ती पदर खोचून उठली. "मग उभी काय? गाडीत चढ!"

जासईपर्यंतचा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांनी खचाखच. धर्मराजनं कडेच्या मातीतून, गवतातून टेम्पो काढला. एका ट्रेलरवाल्यानं शिवी दिली, ती कमळाबाईनं खिडकीतून व्याजासकट परत केली. तेवढाच वेळ तिला जरा बरं वाटलं.

आनंदामामाच्या दुकानासमोर पिवळा टेम्पो उभा होता. मागच्या दारातून थेंब थेंब पाणी गळत होतं. खाली पाच मांजरं ओळीत बसली होती, रेशनच्या रांगेत बसावं तशी. आसपास माणूस नव्हतं.

"मामाला बोलावते," प्रमिला म्हणाली.

"मामाला नंतर." कमळाबाईनं चावी काढली. "माझं म्हावरं काढायला मी कुणाला विचारू?"

दार उघडलं. पाट्या जशाच्या तशा, वरचा बर्फ अर्धा उरलेला. धर्मराज पाट्या इकडून तिकडे टाकायला लागला. तिसरी पाटी हातात असताना दुकानाच्या मागून एक तरणा माणूस धावत आला. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसरा हात आमटीनं भरलेला.

"ए! ए! काय चाललंय? माझी गाडी फोडताय दिवसाढवळ्या?"

"फोडतंय कोण? चावीनं उघडली," कमळाबाई वळूनही न बघता म्हणाली. "आधी सांग, माझं म्हावरं तुझ्या गाडीत काय करतंय?"

त्या माणसानं आत बघितलं. भाकरीचा हात खाली आला. "म्हावरं? माझ्या गाडीत?"

"सात पाट्या. मोज. शिकलेला दिसतोस."

"तरीच!" तो कपाळाला हात लावून म्हणाला. हात कुठला ते विसरला, आमटी कपाळाला लागली. "तरीच गाडी ओढत नव्हती. मला वाटलं, डिझेलात पाणी गेलं. पण मावशी, दाराला कुलूप होतं हो! चावी माझ्याकडे आहे!"

"नि माझ्याकडं काय चिंचोका हाय?"

गलका ऐकून आनंदामामा बाहेर आले आणि भाचीला बघून चकित झाले. प्रमिलानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग त्या माणसाला, हरेशला, म्हणाली, "दादा, तुमची चावी आमच्या दाराला लावून बघा."

हरेशनं लावली. पनवेलच्या कमळाबाईच्या टेम्पोचं दार जासईच्या रस्त्यावर परक्याच्या हातानं गुमान उघडलं. धर्मराजनं आपली इंजिनाची चावी हरेशच्या गाडीत घालून बघितली. ती काही केल्या फिरेना.

"तुमचा टेम्पो ठाण्याच्या बिस्किटवाल्याकडचा का?" हरेशनं विचारलं. "आमचा पण. त्याच्याकडे अशा दोन गाड्या होत्या. माल चढवणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून त्यानं दोन्हीच्या दारांना एकाच चावीची कुलपं बसवली होती. इंजिनं मात्र वेगळी ठेवली. आमच्या शेटला दोन्ही पाहिजे होत्या, पण एक म्हणे कुणी भांडकुदळ म्हावरेवाली घेऊन गेली."

सगळ्यांनी कमळाबाईकडे बघितलं. मांजरांनीसुद्धा.

"तीच मी," कमळाबाई म्हणाली.

तिच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. तीन वर्षं आपण कमरेला राज्य बांधून फिरलो. पोराला दम दिला, सुनेला हसलो, आणि त्या राज्याचं दार साबणवाल्याच्या खिशात होतं! ज्या चावीच्या जोरावर सुनेचं तोंड बंद केलं तिनंच तोंडावर आपटलं. ठिपका असता तर सकाळीच कळलं असतं. हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, आणि सांगितलं असतं तर तिनं ऐकूनही घेतलं नसतं. पण पोरगी ते सांगत नव्हती. ती मुकाट्यानं पाट्यांवर नवा बर्फ पसरत होती, थर नीट, कोळंबीवर जास्त. कुणी न शिकवता. एकदाच बघून.

"मावशी, माझं काय पण?" हरेश रडवेला झाला. "उद्या हिच्यात साबण भरायचाय. वास बघा! लोक म्हणतील, बोंबलाचा साबण."

"सोडा मार, नि मग तुझाच साबण घास. आमची सून सांगेल कसं ते," कमळाबाई म्हणाली, आणि पाटीतली दोन जाडजूड पापलेटं काढून त्याच्या आमटीच्या हातावर ठेवली. "घरी ने. बायकोला म्हण, भांडकुदळ म्हावरेवालीनं दिली."

हरेश हसला. कपाळावरची आमटी तशीच. त्यानं गाडीच्या पुढून दोन निळ्या वड्या आणून प्रमिलाच्या हातात दिल्या.

जासई सुटली, गव्हाणफाटा गेला. कमळाबाई दर दोन मिनिटांनी धर्मराजच्या मनगटावरचं घड्याळ ओढून बघत होती. वाचन धड येत नसलं तरी काटे तिला चोख कळायचे. कामोठ्याच्या वेशीवर सनईचा सूर ऐकू आला तेव्हा मोठा काटा अकराला टेकत होता.

मांडवाच्या तोंडाशी हौसा उभी. शेजारी तिच्या स्वतःच्या तीन पाट्या, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. बुधाजी तिच्याशी बोलत होता. टेम्पो बघून हौसाचं तोंड असं झालं, जसं कुणी तिच्या चहात साखर घालायला विसरलं.

"आली का गो कमळाबाय! मी म्हटलं आज काय येत नाय."

"बाराला पाच कमी म्हटलं होतं," कमळाबाई खाली उतरत म्हणाली. "बुधाजी, बघ तुझं घड्याळ. नि हौसा, तुझ्या म्हावऱ्यावर पाणी मार गो, डोळे पांढरे झाले असतील त्याचे."

पाट्या उतरल्या. बायका विळ्या घेऊन सरसावल्या. बुधाजीची बहीण शोभा पापलेट उचलून म्हणाली, "कमळाबाय, म्हावरं नेहमीसारखंच एक नंबर हाय. पण पाटीला आज वास कसला गो? साबणासारखा."

"धुतलीय," कमळाबाई म्हणाली.

बुधाजी खूश. म्हणाला, पुढच्या वर्षी धाकट्याचं आहे, तेव्हा पण तुझंच. हौसानं आपल्या पाट्या उचलल्या. कमळाबाई मांडवाच्या कडेला ओट्यावर बसली, गुडघा लांब केला, चंची काढली, पान जुळवलं. चावी तिथंच होती, सुपारीच्या शेजारी. तिच्याकडे तिनं एकदा रागानं बघितलं आणि पुन्हा आत ठेवली. मांडवातली हळद, ओलं म्हावरं, सनई. सगळं जिथल्या तिथं होतं. तिला बरं वाटत होतं, आणि कुणामुळे तेही तिला ठाऊक होतं. ते पचायला मात्र पान पुरत नव्हतं.

समोर प्रमिला रिकाम्या पाट्या एकात एक घालत होती. कमळाबाईनं पानाचा रंग बाजूला थुंकला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "प्रमिले! इकडं ये."

ती आली. विळ्या थांबल्या.

"घरी गेल्या गेल्या त्या गाडीच्या दारावर तुझा तो लाल ठिपका लाव. टिकलीएवढा नको, भाकरीएवढा लाव. करंजाच्या धक्क्यावरून दिसला पायजे. खाली माझं नाव पण घाल, चांगलं ठळक. चावी माझ्या कमरेलाच राहणार, ती काय तुला देत नाय. पण आता दार उघडायच्या आधी मी तुला विचारीन, नि तू 'आपली नाय' म्हटलंस तर आपली नाय. समजलं? आणि एक ऐकून ठेव, माझ्या मिठाच्या डब्यावरची ती चिठ्ठी आजच्या आज काढ. गाडी चुकली असंल माझी एकदा, मीठ अजून चुकलेलं नाय!"